आधी ओळख, मग वय : फ्रान्सिस ब्राउन आणि तुर्कानाची राख

पेशवेकालीन पत्रांचा एखादा रुमाल सोडला की पहिली अडचण येते ती सालाची. पत्रावर चंद्र असतो, महिना असतो. साल मात्र पुष्कळदा नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते, मग लिहावे कशाला? अभ्यासक अशा वेळी हस्ताक्षर पाहतो, मजकुरातल्या माणसांचा मेळ लावतो आणि त्याच प्रसंगाचे, पण साल असलेले दुसरे पत्र अन्य कुठल्या दप्तरात आहे का, ते शोधतो. ते सापडले की बिनसालाचे पत्र आपोआप जागेवर बसते.

पूर्व आफ्रिकेत एका भूवैज्ञानिकाने पन्नास वर्षे जवळजवळ हेच काम केले. त्याच्यापुढचे कागद मात्र ज्वालामुखीच्या राखेचे होते. हा धागा त्याच्याविषयी.

फ्रान्सिस ब्राउन यांचा जन्म १९४३चा, कॅलिफोर्नियातला. शिक्षण बर्कले येथे. १९६६ साली, विद्यार्थिदशेतच, ते मानवशास्त्रज्ञ क्लार्क हॉवेल यांच्या कामानिमित्त दक्षिण इथिओपियातील ओमो नदीच्या खोऱ्यात पोहोचले. १९७१पासून ते युटा विद्यापीठात होते. पुढे तेथे सुमारे पाव शतक अधिष्ठाताही होते. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. अधिष्ठातापदाच्या खुर्चीविषयी येथे काही सांगण्यासारखे नाही. सांगण्यासारखे आहे ते ओमोविषयी.

ओमो नदी इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातून दक्षिणेकडे वाहत येते आणि केनियाच्या उत्तरेकडील तुर्काना सरोवरात विसर्जित होते. या सरोवराचे १९७५पर्यंतचे नाव रुडॉल्फ सरोवर. आजूबाजूला ओसाड, तापलेला, काटेरी झुडपांचा मुलूख. चाळीस लाखांहून अधिक वर्षे येथे नदीने गाळ आणून टाकला. कधी येथे सरोवर होते, कधी नदीचे पूरमैदान. त्या गाळात हत्ती, डुकरे, पाणघोडे यांची हाडे पुरली गेली आणि अधूनमधून दोन पायांवर चालणाऱ्या आपल्या पूर्वजांचीही.

इतक्या जुन्या हाडाचे वय थेट हाडावरून काढणे जवळपास अशक्य असते. कार्बन पद्धतीची धाव फार तर पन्नास हजार वर्षांची; येथे हिशेब लाखांचा आहे. म्हणून हाडाच्या खाली आणि वर काय आहे ते पाहावे लागते. तुर्काना खोऱ्याचे भाग्य असे की इथिओपियातील ज्वालामुखी वारंवार जागे होत राहिले. दर खेपेस राख आकाशात उडाली, डोंगरांवर पसरली, पावसाने ओढ्यांत उतरली आणि नदीने ती खाली आणून गाळात एका फिकट पट्ट्याच्या रूपाने ठेवली. हा पट्टा घट्ट झाला की त्याला ‘टफ’ म्हणतात. राखेत पोटॅशिअम असलेले फेल्डस्पारचे स्फटिक असतात. त्या पोटॅशिअमचा एक अंश अत्यंत संथपणे आर्गॉन वायूत बदलत राहतो. स्फटिकात किती आर्गॉन साठला आहे ते मोजले की उद्रेकाचे वय निघते.

ऐकायला हे सोपे वाटते. पण वरच्या वर्णनात एक शब्द निसटून जाण्यासारखा आहे : नदीने. आकाशातून थेट पडलेली राख शुद्ध असते. नदीने आणलेली राख वाटेतले सारे काही उचलून येते. कोट्यवधी वर्षे जुन्या खडकांची वाळूही तिच्यात मिसळते. अशा राखेचे मूठभर नमुने प्रयोगशाळेत दिले तर यंत्र प्रामाणिकपणे एक आकडा देईल आणि तो आकडा कशाचाच नसेल.

याच निसटलेल्या शब्दावरून मानवशास्त्राच्या इतिहासातला एक मोठा वाद पेटला.

१९६९ साली तुर्कानाच्या पूर्व किनाऱ्यावर, कूबी फोरा येथे, रिचर्ड लीकी यांच्या मोहिमेत के बेरेन्समायर ही तरुण भूवैज्ञानिक काम करत होती. तिला एका राखथरात दगडी हत्यारे सापडली. ‘के बेरेन्समायर साइट’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्या थराला ‘केबीएस टफ’ हे नाव पडले. नमुने इंग्लंडमध्ये फिच आणि मिलर यांच्याकडे गेले. पहिल्या नमुन्याने उत्तर दिले ते वीस कोटींहून अधिक वर्षांचे, म्हणजे डायनासोरांच्या आरंभकाळातले. अर्थातच ती जुन्या खडकांची भेसळ होती. मग निवडक स्फटिक तपासले गेले आणि १९७० मध्ये आकडा जाहीर झाला : सुमारे २६ लाख वर्षे.

दोन वर्षांनी बर्नार्ड न्गेनेओ या केनियन संशोधकाला त्याच परिसरात, केबीएस टफच्या खालच्या थरांत, कवटीचे तुकडे दिसले. दीडशेहून अधिक तुकडे जुळवून जी कवटी उभी राहिली तिचा नोंदणी क्रमांक १४७०. मेंदूची पोकळी त्या काळच्या मानाने आश्चर्यकारक मोठी. आणि ती केबीएस टफच्या खाली असल्यामुळे वय २६ लाखांहून अधिक, कदाचित तीस लाखांच्या जवळ! एवढा मोठा मेंदू इतक्या पूर्वी असेल तर मानवाच्या वंशावळीची सारी मांडणी पुन्हा करावी लागणार होती. लीकी तेव्हा तिशीचेही नव्हते. या कवटीने ते जगप्रसिद्ध झाले.

गोची डुकरांनी केली.

प्राचीन डुकरांच्या काही जातींत शेवटची दाढ काळाबरोबर लांबट होत गेली होती. ओमोच्या खोऱ्यात हा क्रम नीट लागलेला होता, कारण तिथले राखथर एकावर एक स्पष्ट दिसत होते आणि त्यांची वयेही मोजली गेली होती. त्या कामात तरुण ब्राउन यांचा वाटा होता. बेसिल कुक यांनी कूबी फोराच्या दाढा ओमोच्या दाढांशेजारी ठेवल्या तेव्हा केबीएस टफच्या खालची डुकरे ओमोच्या सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या डुकरांसारखी निघाली. एकाच सरोवराच्या परिसरातली दोन ठिकाणे, जेमतेम शंभरेक किलोमीटरचे अंतर आणि डुकरांच्या उत्क्रांतीत पाच-सहा लाख वर्षांची तफावत. कुठेतरी चूक होती. लीकींच्या बाजूचे लोक म्हणत, दोन्हीकडचे पर्यावरण निराळे असेल. दुसरी बाजू म्हणे, आकडाच निराळा आहे.

१९७५ मध्ये बर्कलेच्या गार्निस कर्टिस यांनी पुन्हा मापन केले. त्यांना एक नव्हे, दोन वये मिळाली : एका भागातल्या नमुन्यांवरून सुमारे १८ लाख, दुसऱ्या भागातल्या नमुन्यांवरून सुमारे १६ लाख. म्हणजे गुंता सुटण्याऐवजी वाढला. ‘केबीएस टफ’ म्हणून वेगवेगळ्या ओहोळांत ज्या फिकट पट्ट्याकडे बोट दाखवले जात होते, तो एकच थर होता की दोन?

लोकप्रिय पुस्तकांत ही कथा मोठ्या माणसांच्या अहंकाराची लढाई म्हणून रंगवली जाते. ती वाचायला रंजक आहे, पण तिच्यामुळे मुद्दा हरवतो. वय किती, हा प्रश्न विचारण्याआधी ‘हा थर नेमका कोणता’ हे ठरलेले नव्हते. ज्या पत्राचा लेखकच निश्चित नाही त्याच्या सालावर भांडण चालले होते.

ब्राउन आणि त्यांचे सहकारी थूर सर्लिंग यांनी हा आधीचा प्रश्न हाती घेतला.

त्यांची वाट राखेतल्या काचेतून जात होती. शिलारस हवेत फेकला जातो तेव्हा त्याला स्फटिक बनवायला सवड मिळत नाही; तो क्षणात गोठतो आणि काच होतो. डोळ्यांना जी राख भुकटीसारखी दिसते ती सूक्ष्मदर्शकाखाली फुटलेल्या बुडबुड्यांच्या कमानदार काचतुकड्यांची रास असते. प्रत्येक उद्रेकाचा शिलारस जमिनीखाली आपल्या वेगळ्या परिस्थितीत मुरलेला असतो. कुठे लोह किंचित अधिक, कुठे कॅल्शिअम कमी, कुठे मँगनीज, टायटॅनिअम, झिर्कोनिअम, नायोबिअम यांचे प्रमाण निराळे. काच झाली की ते प्रमाण तसेच गोठून राहते. नदीने तिच्यात कितीही वाळू मिसळली तरी काचतुकडा वेगळा काढून तपासता येतो. आर्गॉनच्या मापनाला जी भेसळ घातक ठरते ती येथे बाजूला काढता येते.

या कामात एक बारकावा होता, आणि ब्राउन यांची परिपक्वता त्यात दिसते. लाखो वर्षे ओल्या गाळात पडलेली काच हळूहळू पाणी शोषते. तिच्यातले सोडिअम आणि पोटॅशिअम हलते, निघून जाते किंवा बाहेरून येते. त्यामुळे एकाच थराचे दोन ठिकाणचे नमुने सोडिअमच्या बाबतीत निराळे दिसू शकतात. जी मूलद्रव्ये जागची हलत नाहीत त्यांच्यावरच ओळखीचा भार टाकायचा, हा विवेक रासायनिक यंत्रात नसतो. पत्राच्या कागदाला वाळवी लागली असेल, शाई पुसट झाली असेल. पण अक्षराचे वळण तेच असते. काय बदलू शकते आणि काय बदलत नाही, हे ज्याला कळते तोच वळण ओळखतो.

१९७९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात सर्लिंग, ब्राउन आणि इतरांचा शोधनिबंध आला. कूबी फोराचा केबीएस टफ आणि ओमोच्या शुंगुरा थरांतला ‘एच-२’ नावाचा टफ यांची रासायनिक घडण एकच होती. उद्रेक एक, राख एक. सरोवराच्या पूर्वेला तिला एक नाव, उत्तरेला नदीकाठी दुसरे. ओमोतल्या एच-२चे स्थान आधीच पक्के होते आणि ते २६ लाखांच्या जवळपासही नव्हते. १९८० साली इयान मॅकडुगल यांनी आणि अन्य गटांनीही नव्याने मापने केली. सारे आकडे १९ लाखांच्या अलीकडे-पलीकडे येऊन स्थिरावले. आज केबीएस टफचे वय सुमारे १८.७ लाख वर्षे मानले जाते. दोन वयांचा घोळ उरला नाही. १४७० क्रमांकाची कवटी सुमारे २० लाख वर्षांची ठरली. डुकरे पहिल्यापासून खरे बोलत होती.

येथे ब्राउन यांची गोष्ट संपली असती तर ती एका वादाची गोष्ट झाली असती. त्यांचे खरे काम यानंतरचे आहे, आणि त्याला मथळे मिळण्यासारखे त्यात काही नव्हते. दरवर्षी उन्हात ओहोळामागून ओहोळ पालथा घालायचा. प्रत्येक फिकट पट्ट्याचा नमुना घ्यायचा, जागा नोंदवायची, परत जाऊन काच वेगळी करायची, आकडे लिहायचे आणि ते आधीच्या आकड्यांशी ताडून पाहायचे. मोईती, लोकोचोट, टुलू बोर, केबीएस, ओकोटे, चारी अशी थरांची नावे हळूहळू एका शिडीच्या पायऱ्यांसारखी लागत गेली. पूर्वी एकाच थराला दोन ठिकाणी दोन नावे होती, आणि दोन निराळ्या थरांना एकच नाव पडले होते. १९८६ मध्ये ब्राउन आणि क्रेग फाइबेल यांनी कूबी फोराच्या थरांची नावे आणि मांडणी नव्याने निश्चित केली. एखाद्या दप्तराची सूची कुणीतरी बसून नीट करावी, तसे हे काम. सूचीकाराचे नाव फार कमी जणांच्या लक्षात राहते. पण पुढचा प्रत्येक अभ्यासक तीच उघडून बसतो.

१९८४ मध्ये सरोवराच्या पश्चिमेला नारिओकोटोमे येथे कामोया किमेऊ यांना एका मुलाच्या कवटीचा तुकडा दिसला. पुढे जवळजवळ अख्खा सांगाडा निघाला, होमो इरेक्टसचा. ‘तुर्काना बॉय’ म्हणून तो आज शाळेच्या पुस्तकांतही भेटतो. पुढच्याच वर्षी त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्यात वय होते, सुमारे १६ लाख वर्षे. इतक्या लवकर हे जमले, कारण राखेची शिडी तयार होती. तो सांगाडा कोणत्या पायरीवर आहे एवढेच पाहायचे उरले होते. त्या निबंधावरचे पहिले नाव ब्राउन यांचे आहे.

या शिडीची टोके खोऱ्याबाहेरही पोहोचली. १९८२ मध्ये ब्राउन यांनी दाखवून दिले की तुर्कानाचा टुलू बोर टफ आणि सुमारे ९०० किलोमीटर दूर, इथिओपियाच्या हदार येथील सिदी हाकोमा टफ एकाच उद्रेकाचे आहेत. हदार म्हणजे ‘ल्यूसी’ जिथे सापडली ते स्थळ. ल्यूसी या राखेच्या वरच्या थरांतली. म्हणजे तुर्कानाला टुलू बोरविषयी जे कळेल ते ल्यूसीलाही लागू पडणार. तीन वर्षांनी ब्राउन आणि त्यांचे अमेरिकन सहकारी आणखी पुढे गेले : एडनच्या आखातात समुद्रतळ खणून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यात तशीच काच मिळाली. समुद्रातला गाळ शांतपणे, अखंड साचतो. तिथे सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकीय दिशेच्या नोंदीवरून काळ स्वतंत्रपणे ठरवता येतो. जमिनीवरच्या हाडांचा काळ समुद्राच्या तळाशी पडताळून पाहता आला, आणि दुवा होता तो केसापेक्षा बारीक काचतुकड्यांचा.

हीच पद्धत आपल्या अंगणातही आलेली आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीची राख आहे. दख्खनच्या काळ्या कातळाशी तिचा काही संबंध नाही. ती आली सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून. तिच्या सान्निध्यात अश्युलियन हातकुऱ्हाडी सापडल्या, म्हणून तिच्या वयाला महत्त्व आले. एका मापनाने ते सुमारे १४ लाख वर्षे आले, दुसऱ्याने ६.७ लाख. मग काचेच्या रसायनशास्त्राने तिसरे उत्तर पुढे केले : १९९८च्या एका शोधनिबंधाने द्वीपकल्पातली सारी टोबा-राख ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची ठरवली. डेक्कन कॉलेजच्या परंपरेतल्या काही पुरातत्त्वज्ञांना हे मान्य नव्हते. इतक्या जुन्या घडणीची हत्यारे इतक्या अलीकडच्या राखेशी कशी? टोबाचे याआधीचेही उद्रेक आहेत आणि त्यांची काच परस्परांशी फार मिळतीजुळती आहे. शिवाय नदीने राख नंतर आणून टाकली असण्याची शक्यता आहेच. ज्यांना केबीएसचा वाद ठाऊक आहे त्यांना कुकडीकाठचे प्रश्न ओळखीचे वाटतील. थर तोच का? राख जागची का? हाताशी आलेला आकडा नेमका कशाचा?

ब्राउन यांच्या कारकिर्दीचा शेवटचा मोठा अध्याय पुन्हा ओमोकाठीच घडला. १९६७ मध्ये, लीकींच्या गटाला किबिश येथे आधुनिक मानवाच्या, म्हणजे थेट आपल्या जातीच्या, कवटीचे आणि सांगाड्याचे भाग सापडले होते. त्याला ‘ओमो १’ म्हणतात. शिंपल्यांवरून त्याचे वय तेव्हा १ लाख ३० हजार वर्षे काढले गेले; पण शिंपल्यांवरचे हे मापन फारसे विश्वसनीय समजले जात नव्हते, म्हणून तीन दशके हा सांगाडा चर्चेच्या कडेलाच राहिला. १९९९पासून ब्राउन, मॅकडुगल आणि जॉन फ्लीगल यांचा गट पुन्हा तेथे गेला. जुनी जागा शोधली, १९६७ साली राहून गेलेले हाडांचे काही तुकडेही मिळवले आणि राखेतल्या प्युमिसच्या खड्यांमधून स्फटिक काढून मापन केले. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : सुमारे १ लाख ९५ हजार वर्षे. आपल्या जातीचा तोवरचा सर्वांत जुना, वय ठरलेला पुरावा.

या हाडांच्या वर राखेचा आणखी एक जाड थर आहे. त्याचे नाव ‘केएचएस’. त्यात मापनायोग्य स्फटिक मिळेनात. राख फार बारीक होती. मग ब्राउन यांनी आपली नेहमीची वाट धरली. २०१२ मध्ये त्यांनी, मॅकडुगल आणि फ्लीगल यांच्यासह, केएचएसची काच इथिओपियातल्या अन्य स्थळांच्या राखेशी ताडली आणि थराचे वय सुमारे १ लाख ७२ हजार वर्षे असल्याचे मांडले. खालची राख १ लाख ९६ हजार, वरची १ लाख ७२ हजार, मध्ये माणूस. चित्र सुबक जमले होते.

२०१७ मध्ये ब्राउन गेले. त्यानंतर पाच वर्षांनी, २०२२ साली, केंब्रिजच्या सेलिन विदाल यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये केएचएसची काच पुन्हा मांडली. या वेळी तुलना दुसऱ्या गाळातल्या राखेपुरती राहिली नाही; ती थेट ज्वालामुखीपर्यंत नेली होती. शेकडो किलोमीटरवरच्या शाला ज्वालामुखीच्या एका प्रचंड उद्रेकाशी तिची घडण जुळली, आणि शालाच्या पायथ्याशी स्फटिक मुबलक होते. वय आले २ लाख ३३ हजार वर्षे, २२ हजार वर्षे इकडे-तिकडे. केएचएस हाडांच्या वर आहे. म्हणून ओमो १ त्याहूनही जुना.

हा आकडा मानला तर खालच्या, १ लाख ९६ हजार वर्षांच्या राखेचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. वरचा थर खालच्यापेक्षा जुना असू शकत नाही. तो खालचा नमुना मुळात कोणत्या थरातला, आणि किबिशच्या त्या ओहोळात कोणता पट्टा कोणत्या पट्ट्याशी जोडायचा, यावर आता पुन्हा काम चालू झाले आहे.